गुडघ्याचा झटका आला नाही, म्हणजे काय?

शाळेत आरोग्य तपासणीचा दिवस तुम्हाला चांगला माहीत असेल. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांची पथके शाळाशाळांतून फिरतात. उंची, वजन, दात, डोळे, कान असे एकेक पाहून होते. त्यात एखादी शंका आली, तर मुलाला पुढील तपासणीसाठी रुग्णालयात पाठवतात. तेथे डॉक्टर कधी कधी मुलाला टेबलाच्या कडेवर पाय सोडून बसवतात आणि एक छोटी रबरी हातोडी घेऊन गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकतात. टक्! पाय आपोआप पुढे उडतो. बहुतेक मुलांना या गोष्टीची मोठी गंमत वाटते.

आता समजा, एका आठवीतल्या मुलीचा पाय उडालाच नाही. डॉक्टरांनी पुन्हा एकदा ठोकले, तरी नाही. त्यांनी कागदावर लिहिले, ‘गुडघ्याचा प्रतिक्षेप मिळाला नाही.’ मुलगी हसत हसत टेबलावरून उतरली, पण आईचा चेहरा मात्र पडला.

‘‘डॉक्टर, हिच्या पायात काही दोष आहे का हो? शेजारच्या काकू म्हणत होत्या, झटका आला नाही तर मज्जातंतूचं दुखणं असतं म्हणून.’’

आईची ही काळजी निराधार म्हणता येणार नाही. मज्जातंतूंच्या काही आजारांत गुडघ्याचा झटका खरोखरच नाहीसा होतो. परंतु याचे उलटे विधान खरे आहे का? झटका नाहीसा झाला म्हणजे आजार आहेच, असे म्हणता येईल का? गणितात तुम्ही प्रमेय आणि त्याचा व्यत्यास शिकता. प्रमेय खरे असले म्हणून त्याचा व्यत्यास खरा असतोच असे नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर याच भेदात आहे. ते नीट समजण्यासाठी हा झटका मुळात येतो कसा, ते आधी पाहू या.

हातोडीची कुळकथा

ठोकून तपासण्याची कल्पना जुनी आहे. लेओपोल्ड औएनब्रुगर नावाचे एक ऑस्ट्रियन डॉक्टर होते. त्यांच्या वडिलांची ग्राझ गावी खाणावळ होती. पिंपात दारू कुठवर भरली आहे, हे पिंपावर बोटांनी ठोकून, आवाजावरून ओळखण्याची रीत औएनब्रुगर यांनी लहानपणी पाहिली होती, असे सांगतात. छातीत पाणी साचले आहे की काय, हेही असे ठोकून कळेल असे त्यांना वाटले. १७६१ साली त्यांनी या पद्धतीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे बोटांऐवजी लहान हातोड्या वापरात आल्या. म्हणजे डॉक्टरांच्या हातात हातोडी आली ती छाती तपासण्यासाठी. गुडघ्याकडे ती बऱ्याच वर्षांनी वळली.

१८७५ साली जर्मनीतील दोन डॉक्टरांचे लेख एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचे कार्ल वेस्टफाल हे ते दोघे. गुडघ्याच्या वाटीखाली ठोकले की पाय उडतो, ही एकच गोष्ट दोघांनी वर्णन केली होती. कारणाबद्दल मात्र त्यांचे एकमत नव्हते. एर्ब म्हणाले, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. म्हणजे ठोक्याची वर्दी मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तेथून स्नायूला हुकूम परत येतो. वेस्टफाल म्हणाले, तसे काही नाही. कंडरा ताणली गेली, तिने स्नायूला हिसका दिला आणि स्नायू जागच्या जागी आकसला.

हा वाद पुष्कळ वर्षे चालला. कारण झटका इतका झटपट येतो, की तेवढ्या वेळात निरोप मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येत असेल, यावर अनेकांचा विश्वास बसेना. १९२४ साली इंग्लंडमध्ये लिडेल आणि चार्ल्स शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मांडीचा पुढचा स्नायू केवळ काही मिलिमीटर ताणला, तरी तो जोराने आकसून प्रतिकार करतो, असे त्यांना दिसले. परंतु त्या स्नायूकडून मज्जारज्जूकडे जाणारे संवेदी तंतू कापून टाकले, की हा प्रतिकार बंद पडतो. मग स्नायू एखाद्या ताणलेल्या रबरासारखा निर्जीवपणे वागतो. ताणामुळे स्नायू आकसतो तो मज्जारज्जूमार्फतच, हे यावरून स्पष्ट झाले. एर्ब यांचे म्हणणे खरे ठरले. मज्जासंस्थेवरील संशोधनाबद्दल शेरिंग्टन यांना १९३२ साली एड्रियन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोपाचा प्रवास

गुडघ्याची वाटी चाचपून पाहा. तिच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. ही कंडरा. वाटीच्या वरच्या बाजूला ती मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला जोडलेली असते. या स्नायूची चार तोंडे असल्याने त्याला चतुःशिरस्क स्नायू म्हणतात. चेंडूला लाथ मारताना हाच स्नायू गुडघा सरळ करतो.

कंडरेवर हातोडी पडली, की ती किंचित आत दबते आणि वरचा स्नायू क्षणभर अगदी थोडा ताणला जातो. या स्नायूच्या धाग्यांमध्ये ताण मोजणारी सूक्ष्म इंद्रिये विखुरलेली असतात. त्यांचा आकार चरख्याच्या चातीसारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असतो. म्हणून त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. तर्कू म्हणजे चाती. स्नायू ताणला, की तर्कूही ताणला जातो आणि त्याला गुंडाळलेल्या मज्जातंतूत विद्युत् संदेश उमटतो.

हा संदेश कमरेतून पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत शिरतो. तुमच्या पाठ्यपुस्तकात त्यालाच मेरुरज्जू म्हटले आहे. तेथे संदेश आणणारा तंतू एका दुसऱ्या मज्जापेशीला जवळजवळ भिडलेला असतो. दोहोंमध्ये अतिशय बारीक फट असते. या संपर्कस्थानाला ‘सिनॅप्स’ म्हणतात. संदेश ती फट ओलांडतो. मग दुसऱ्या पेशीचा लांबलचक तंतू हुकूम घेऊन पुन्हा त्याच मांडीच्या स्नायूकडे येतो. स्नायू आकसतो, नडगी पुढे उडते. या सबंध वाटेवर मज्जारज्जूत केवळ एकच सिनॅप्स असतो. आपल्या शरीरातील ही सर्वात साधी प्रतिक्षिप्त क्रिया होय.

त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते. मांडीच्या मागचे स्नायू गुडघा वाकवण्याचे काम करतात. पुढचा स्नायू ओढत असताना मागचेही ओढू लागले, तर रस्सीखेच होईल. म्हणून आलेल्या संदेशाची एक शाखा मधल्या पेशीमार्फत मागच्या स्नायूंच्या पेशींना गप्प बसवते.

याला वेळ किती लागतो? हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसात मांडीच्या मध्यापासून मज्जारज्जूच्या संबंधित भागापर्यंतचे अंतर साधारण अर्धा मीटर धरू. जाऊन येऊन एक मीटर. या जाड तंतूंमधून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने जातो असे धरले, तर एक मीटरला एक पन्नासांश सेकंद, म्हणजे २० मिलिसेकंद लागतील. सिनॅप्स ओलांडण्यास जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. प्रत्यक्ष मोजमापातही स्नायूमधील विद्युत् हालचाल ठोक्यानंतर सुमारे २० मिलिसेकंदांनी सुरू झालेली आढळते. हिशेब आणि मोजमाप असे जुळले म्हणजे वाट बरोबर ओळखली, याची खात्री पटते.

ही व्यवस्था डॉक्टरांच्या हातोडीसाठी निर्माण झालेली नाही, हे उघड आहे. तुम्ही बसमध्ये उभे आहात आणि बसने धक्का दिला. गुडघा किंचित वाकतो, मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि तुम्हाला काही कळण्यापूर्वीच तो आकसून गुडघा सावरू लागतो. तोल राखण्याच्या कामातला हा एक लहानसा पण तत्पर सेवक आहे.

मेंदूचा हात पाठीवर

झटक्याच्या वाटेत मेंदू येत नाही. पण मेंदूचा त्याच्याशी काहीच संबंध नाही असे समजू नका. मेंदूकडून मज्जारज्जूतील पेशींकडे सतत सूचना येत असतात. काही त्या पेशींना उत्तेजन देतात, काही त्यांना आवरून धरतात. म्हणून एकाच माणसाचा झटका दिवसभर सारखा नसतो. अमेरिकेतील वॉरन लोम्बार्ड यांनी स्वतःच्याच गुडघ्यावर शेकडो वेळा प्रयोग करून १८८७ साली निष्कर्ष मांडले. थकवा, भूक, झोप, संगीत, मनाची उत्तेजित अवस्था या सर्वांमुळे झटक्याचा जोर कमीअधिक होतो, असे त्यांना आढळले.

बुडापेस्टचे डॉक्टर एर्नो येंड्रासिक यांनी १८८० नंतरच्या दशकात एक सोपी युक्ती शोधून काढली. ज्याचा झटका दिसत नाही त्याला दोन्ही हातांची बोटे आकड्यांसारखी एकमेकांत अडकवून जोराने बाहेर ओढायला सांगायचे आणि नेमके त्याच क्षणी गुडघ्यावर ठोकायचे. पुष्कळदा हरवलेला झटका हजर होतो! यात दोन गोष्टी साधतात. माणसाचे लक्ष पायावरून उडते. शिवाय हातांना जोर लावताना मज्जारज्जूतील पेशी एकंदरीनेच अधिक तत्पर होतात. ही युक्ती जगभरचे डॉक्टर आजही रोज वापरतात.

मेंदूपासून येणारे आवर घालणारे मार्ग दुखावले, तर झटका नाहीसा न होता उलट फार जोरदार होतो. म्हणजे ‘जितका पाय उंच उडेल तितकी तब्येत चांगली’ ही समजूतही खरी नाही. डॉक्टर झटक्याला ० ते ४ असे अंक देतात. ० म्हणजे काही नाही, २ म्हणजे सर्वसाधारण, ४ म्हणजे अति जोरदार. निरोगी माणसांत १ पासून ३ पर्यंतचे अंक सर्रास आढळतात. अंकापेक्षा महत्त्वाचे असते ते उजव्या-डाव्या बाजूंचे साम्य. दोन्ही गुडघे सारखेच मंद असले तर सहसा फारसे बिघडत नाही. एक जोरात उडतो आणि दुसरा ढिम्म राहतो, तेव्हा मात्र डॉक्टर सावध होतात.

घंटा वाजली नाही तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तुम्ही कोणाच्या तरी दाराशी जाऊन विजेच्या घंटेचे बटण दाबले. घंटा वाजली नाही. घंटा बिघडली आहे, असे तुम्ही लगेच म्हणाल का? बटण नीट दाबले गेले नसेल. बटणापासून जाणारी तार तुटली असेल. मधला जोड सुटला असेल. घंटेकडे जाणारी तार तुटली असेल. किंवा खरोखरच घंटा बिघडली असेल. पाच कारणे झाली. त्यांपैकी कोणते खरे, हे नुसत्या शांततेवरून कळत नाही. शहाणा माणूस आधी बटण पुन्हा एकदा, नीट दाबून पाहतो.

गुडघ्याच्या बाबतीत ‘बटण नीट दाबले न जाणे’ हे फार वेळा घडते. हातोडी कंडरेवर न पडता हाडावर पडते. मूल घाबरून पाय ताठ धरते. काही मुले हसू आवरताना सगळे अंग आखडून घेतात. काही जण पाय आता उडणार म्हणून आधीच स्नायू आवळून बसतात. मागचे स्नायू आवळलेले असले, तर पुढच्या स्नायूने थोडा जोर लावूनही पाय हलत नाही. म्हणून जाणते डॉक्टर घाई करत नाहीत. मुलाला गप्पांत गुंतवतात, पाय मोकळा सोडायला लावतात, मांडीवर हात ठेवतात. पाय हलला नाही तरी स्नायू आकसल्याचे हाताला जाणवते. झोपवून, गुडघ्याखाली हाताचा आधार देऊन पुन्हा ठोकतात. शेवटी येंड्रासिक यांची युक्ती करतात. एवढे सगळे झाल्यावरच ‘झटका नाही’ हे वाक्य त्यांच्या दृष्टीने खरे ठरते.

आणि एवढे करूनही झटका मिळाला नाही तर? तरीसुद्धा घंटेची गोष्ट विसरू नका. मंडलाचा प्रत्येक भाग वेगळा तपासता येतो.

मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची तार आणि खुद्द स्नायू ठीक आहे का? मुलाला गुडघा सरळ करायला सांगून डॉक्टर हाताने विरोध करतात. उकिडवे बसून हात न टेकता उठायला, जिना चढायला, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगतात. इच्छेने लाथ मारताना शेवटचा हुकूम त्याच मज्जापेशींतून, त्याच तारेने स्नायूकडे जातो. पायात पूर्ण ताकद असेल, तर हा भाग शाबूत आहे.

स्नायूपासून मज्जारज्जूकडे येणारी तार ठीक आहे का? येथे तुमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक मित्र मदतीला येतो. तो म्हणजे नादकाटा. १२८ हर्ट्झचा नादकाटा वाजवून त्याची दांडी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. झिणझिण कळते का, असे विचारतात. मग डोळे मिटायला सांगून अंगठा वर केला की खाली, हे ओळखायला लावतात. शेवटी पाय जुळवून, डोळे मिटून उभे करतात. कंपने आणि सांध्यांची स्थिती यांच्या वर्द्या ज्या जाड, जलद तंतूंतून येतात, त्याच जातीच्या तंतूंतून ताणाची वर्दीही येते. या परीक्षांत मूल पास झाले, तर येणारी तारही बहुधा ठीक असते.

याखेरीज डॉक्टर घोट्यामागचे, कोपराचे, मनगटाचे झटके पाहतात. पायाच्या तळव्याची कमान फार उंच आहे का, हे पाहतात. कारण मज्जातंतूंच्या काही आनुवंशिक आजारांत तशी ती आढळते. आणि कधी कधी आईलाही आश्चर्य वाटावे असे करतात.

‘‘ताई, आता तुम्ही बसा बरं या टेबलावर. पाय सैल सोडा.’’

आईचाही झटका मिळत नाही, आणि आई तर आयुष्यभर कसलीही तक्रार न करता विहिरीचे पाणी ओढते, डोंगर चढते! असे आढळले, तर तो त्या घरातला एक निरुपद्रवी विशेष असण्याची शक्यता वाढते. पायाची कमान, ताकद, संवेदना हे सारे दोघींचेही ठीक असले पाहिजे, ही अट मात्र आहे. अगदी निरोगी माणसांपैकी काहींना गुडघ्याचा झटका कधीच मिळत नाही, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

डॉक्टर एडींचा इशारा

एकट्या खुणेवर विसंबले की काय होते, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. १८७८ साली वेस्टफाल यांनी दाखवून दिले, की ‘टेबीज डॉर्सॅलिस’ या मज्जारज्जूच्या रोगात गुडघ्याचा झटका फार लवकर नाहीसा होतो. हा रोग उपदंशामुळे होतो आणि पेनिसिलिन येण्यापूर्वीच्या काळात तो पुष्कळ आढळे. त्यात डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकला तरी त्या लहान होत नाहीत. त्यामुळे झटका नाही आणि बाहुली प्रकाशाला दाद देत नाही, अशी जोडी दिसली की रोग ठरल्यासारखाच वाटे. उपदंश हा त्या काळी लाजिरवाणा समजला जाणारा रोग. तो नसताना त्याचा शिक्का बसणे म्हणजे केवढे संकट!

ऑस्ट्रेलियात जन्मलेले आणि लंडनमध्ये काम करणारे विल्यम एडी यांनी १९३१ साली या बाबतीत एक महत्त्वाचा लेख लिहिला. काही लोकांचे झटके नाहीसे झालेले असतात आणि एक बाहुली मोठी व मंद असते; तरीही त्यांना उपदंश नसतो आणि त्यांची प्रकृतीही खालावत नाही, असे त्यांनी दाखवले. त्यांनी बाहुलीचे निरीक्षण अधिक धीराने केले होते. या लोकांची बाहुली जवळची वस्तू पाहताना हळूहळू लहान होते आणि नंतर तितक्याच सावकाश मोठी होते. टेबीजमध्ये तसे होत नाही. गॉर्डन होम्स यांनीही त्याच वर्षी अशा रुग्णांचे वर्णन केले. म्हणून या स्थितीला आज होम्स-एडी सिंड्रोम म्हणतात. ती बहुधा तरुण स्त्रियांत आढळते.

टेबीजमध्ये झटका जातो, हे वेस्टफाल यांचे निरीक्षण अचूकच होते. लोकांनी त्याचा व्यत्यास खरा मानला, तेथे चूक झाली. एडी यांनी ती दुरुस्त केली ती आणखी बारकाईने पाहून.

मग काळजी केव्हा करावी?

याचा अर्थ झटका न येण्याकडे दुर्लक्ष करावे, असा मुळीच नाही. ही खूण इतर कोणत्या खुणांच्या सोबत आली आहे, ते पाहावे लागते.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता आणि आसपासच्या भागांत, ‘जीबीएस’ या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. थोड्याच आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काही जण दगावले. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या उदाहरणांवरून त्याचे वर्णन केले. त्या वर्णनात झटके नाहीसे होणे ही एक ठळक खूण होती. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पुष्कळदा त्याआधी जुलाब किंवा सर्दी-तापाचा आजार होऊन गेलेला असतो. पुण्यातील काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि दूषित पाण्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

जीबीएसच्या रुग्णाकडे पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. त्याचा झटका तर जातोच, पण त्याबरोबर पायांत मुंग्या येतात, पाय लुळे पडू लागतात आणि ही दुर्बलता काही दिवसांत वर वर चढत जाते. काल जिना चढणारा मुलगा आज खुर्चीतून उठू शकत नाही. अशा वेळी एक दिवसही वाट पाहू नये. श्वास घेण्यास किंवा गिळण्यास त्रास होऊ लागला, तर तासाभराचाही उशीर नको. वेळेवर रुग्णालयात पोचलेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

पोलिओतही झटका नाहीसा होतो आणि पाय लुळा पडतो. भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. तरीसुद्धा पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याची नोंद करून शौचाचे नमुने तपासले जातात. हा पहारा आजही चालू आहे.

काही आजार सावकाश येतात. फ्रीडरायख यांनी १८६३ साली वर्णन केलेल्या आनुवंशिक आजारात शाळकरी वयातच चालणे डळमळू लागते आणि पायांचे झटके जातात. मधुमेह दीर्घकाळ राहिला किंवा ब-१२ जीवनसत्त्व फार कमी पडले, तरी मज्जातंतू दुखावतात. अशा वेळी मूल वारंवार पडते, अंधारात तोल जातो, बूट झिजण्याची तऱ्हा बदलते, अक्षर बिघडते, लघवीवरचा ताबा सुटतो किंवा पाय बारीक होऊ लागतात. या खुणा बहुधा घरच्यांना आणि शिक्षकांना डॉक्टरांच्या आधी दिसतात. कवायतीच्या तासाला मागे पडू लागलेल्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी शिक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. शंका उरल्यास डॉक्टर मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग विद्युत् उपकरणाने मोजतात आणि रक्त तपासतात.

आपल्या आठवीतल्या मुलीला यांपैकी काहीच नाही. ती खो-खो खेळते, जिने चढते, डोळे मिटून स्थिर उभी राहते. दोन्ही बाजूंना सारखेच आढळते. अशा मुलीच्या बाबतीत डॉक्टर बहुधा कागदावर नोंद ठेवतील आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावतील. पुढे कधी खरीच तक्रार उद्भवली, तर झटका आधीपासूनच मिळत नव्हता, ही माहिती नव्या डॉक्टरांना उपयोगी पडेल. म्हणून तो कागद जपून ठेवावा.

करून पाहा

१. मित्राला उंच बाकावर, पाय जमिनीला न टेकता लोंबत राहतील असे बसवा. वाटीच्या खालची मऊ जागा बोटाने शोधा. तळहाताच्या कडेने तेथे हलकेच ठोका. लोखंडी किंवा लाकडी वस्तू वापरू नका. एक हात त्याच्या मांडीवर ठेवून स्नायू आकसतो का ते पाहा.

२. आता त्याला बोटे अडकवून ओढायला सांगा आणि त्याच वेळी ठोका. फरक पडतो का? उजवा आणि डावा दोन्ही गुडघे पाहा. दुपारी मैदानावर दमून आल्यावर पुन्हा करा.

३. प्रतिक्षिप्त क्रिया आणि विचारपूर्वक केलेली क्रिया यांच्या वेळांची तुलना करा. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेजवळ अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. पट्टी न सांगता सोडली, की त्याने ती पकडावी. ती २० सेंटिमीटर खाली गेली असेल, तर मुक्तपतनाच्या सूत्रावरून वेळ सुमारे ०.२ सेकंद येतो. झटक्याच्या २० मिलिसेकंदांच्या हा दहापट आहे. एवढा वेळ कोठे खर्च झाला असेल, याचा विचार करा.

वर्गात हा प्रयोग केलात, तर एखाद्या मुलाचा पाय उडणारही नाही. त्याला चिडवू नका आणि घाबरवूही नका. ‘याला झटका नाही’ असे वहीत लिहू नका. ‘आज, या पद्धतीने ठोकल्यावर झटका दिसला नाही’ असे लिहा आणि पद्धत कोणती, तेही लिहा. तुम्ही पाहिले ते एवढेच आहे. मग दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा करा.